टकळीच्या तासातली कादंबरी

एकच पुस्तक एकाने मोठ्याने वाचले आणि बाकीच्या वर्गाने ते ऐकले, तर वाचन नेमके कोणाचे झाले? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न माझा नाही. शाळा तपासायला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी तो मला विचारला होता. त्या वेळी मी दिलेले उत्तर त्यांना पटले नाही आणि बोलून झाल्यावर मलाही ते अपुरे वाटले. पुढे त्याचे उत्तर मिळाले ते सहावीतल्या एका मुलीकडून.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. निघोजे ओलांडून इंद्रायणीच्या कडेने पुढे गेले की एक लहान गाव लागत असे. तेथील शाळेवर माझी नेमणूक होती. आज त्या वाटेने कारखान्यांच्या बसगाड्या धावतात. तेव्हा चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांखेरीज फारशी वर्दळ नसे. शाळा दोनशिक्षकी होती. माझे सहकारी पहिली ते चौथी सांभाळत. पाचवी, सहावी आणि सातवी माझ्याकडे, आणि तीही एकाच खोलीत.

एका खोलीत तीन इयत्ता कशा शिकवतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितले पाहिजे. एका रांगेला गणिते घालून द्यायची, दुसरीला शुद्धलेखन, आणि तिसरीसमोर उभे राहून शिकवायचे. मग रांगा बदलायच्या. शिक्षकाचे तोंड एका वर्गाकडे, कान दुसऱ्याकडे आणि डोळा तिसऱ्यावर. तिन्ही वर्गांना एकाच वेळी एकच काम द्यावे असे दिवसात दोन प्रसंग येत: सकाळची प्रार्थना आणि दुपारची सूतकताई. त्या काळी शाळेत हस्तोद्योग आवश्यक होता आणि आमच्या वाट्याला टकळी आली होती. टकळी म्हणजे तळाशी चकती बसवलेली बारीक सळई. ती बोटांनी फिरवायची आणि पिंजलेल्या कापसाच्या लांबट पेळूतून सूत ओढत जायचे. हे काम अंगवळणी पडले की हात गुंतलेले राहतात आणि कान मोकळे होतात. मोकळ्या कानांची खोलीभर मुले स्वस्थ बसत नाहीत. त्यांना गप्प करण्यापेक्षा त्यांच्या कानांना काम द्यावे, असे मी ठरवले.

पुस्तक मिळाले ते चाकणच्या एका किराणा दुकानात. दुकानदार त्याची पाने फाडून पुड्या बांधत होता. मी ते मागून घेतले तोवर वेष्टन, नावाचे पान आणि पहिले प्रकरण हळदीबरोबर लोकांच्या घरी पोचले होते. त्यामुळे त्या कादंबरीचे नाव काय आणि ती लिहिली कोणी, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तीत दौलत नावाचा एक गाडीवान होता. तो घाटावरून धान्य खाली नेई आणि तळकोकणातून मीठ वर आणी. बैलांची, घाटाची आणि नंतर आलेल्या मोटारींची ती हकीकत होती. मुलांना ती परकी वाटली नाही.

पद्धत अशी ठेवली होती की रोज एकाने टकळी खाली ठेवायची, पुढे येऊन पुस्तक हातात घ्यायचे आणि तास संपेपर्यंत वाचायचे. बाकीच्यांनी सूत काढत ऐकायचे. पहिल्याच आठवड्यात एक अडचण ध्यानात आली. मुले वाक्य वाचत नसत, गात असत. गावात मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लागे. एकजण ओवी वाची आणि दुसरा तिचा अर्थ सांगे. मोठ्याने वाचणे म्हणजे काय, हे मुलांनी तेवढेच पाहिले होते; म्हणून गाडीवानाने बैलांना वैरण टाकली हे साधे वाक्यही शेवटी हेल काढून म्हटले जाई. हा सूर मोडायचा उपाय सोपा आहे. मुलाने वाक्य डोळ्यांनी वाचायचे, मान वर करायची आणि मग ते शेजाऱ्याला सांगावे तसे सांगायचे. थोड्या दिवसांत हेल गेला. त्यामागची समजूत मात्र गेली नव्हती, हे मला गणपतमुळे कळले.

गणपत पाचवीतला. वाचायला कच्चा, बोलायला पक्का. त्याच्या पाळीला दौलतचा सर्ज्या नावाचा बैल घाटात आजारी पडला. घटसर्प झाला, गळा सुजला. गणपत अडखळत वाचत होता आणि खोलीतल्या टकळ्या एकेक करून थांबत होत्या. शेवटी त्याने वाचले की सकाळी सर्ज्या उठून उभा राहिला आणि कडबा खाऊ लागला. वर्गाने सुटकेचा श्वास टाकला आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी पाळी सखूची होती. सखू सहावीत, माझ्या तिन्ही वर्गांत सर्वांत स्वच्छ वाचणारी. तिने पान उघडले आणि वाचले की दौलतने सर्ज्याला पुरले, मातीवर दगड रचले आणि उरलेल्या एका बैलाला घेऊन तो चालू लागला.

"कालच तर कडबा खात हुता," कोणी तरी म्हणाले.

"मंग त्यो कडबा गण्यानंच खाल्ला आसंल," दुसरा म्हणाला.

मी मागचे पान पाहिले. बैल रात्रीच मेला होता. गणपतला उभे केले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, घाटात येकला मानूस, रातीची येळ, आन् बैल बी मरायचा? म्हणून म्या उठवला."

मला हसू आले. वर्गही हसला. मग मुलांत वाद लागला. गळ्याला सूज आलेले जनावर उठत नाही असे काहींचे म्हणणे. पुस्तकातल्याला उठायला काय हरकत आहे, असे बाकीच्यांचे. मी गणपतकडून ते पान लिहिल्याप्रमाणे पुन्हा वाचून घेतले आणि विषय मिटला असे समजलो.

त्यानंतर सखू शाळेत आली नाही. दोन-तीन दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील निवृत्तीबुवा अंगणात घायपाताचा दोर वळत बसले होते. देवळात पोथी वाचत ते हेच. बोलायला मृदू, मताला घट्ट.

"बसा गुरुजी. च्या ठिवायला सांगतो."

"चहा राहू द्या, बुवा. सखू का येत नाही?"

"यायची न्हाई आता." दोराचा पीळ त्यांनी सोडला नाही. "एका पोरानं पोथीत नसलेलं वाचलं म्हणं. आन् तुमी हसला."

"ती पोथी नव्हे, बुवा. कादंबरी आहे. माणसाने मनाने रचलेली."

"पोथी काय झाडाला लागती व्हय? ती बी मानसानंच रचली." मग दोर मांडीवर ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, ह्या गावात अक्षर येनारी मानसं किती? उद्या कुनाचं टपाल येईल, कुनाचं खरेदीखत आसंल, ते सखूच वाचून दावनार. ऐकनाऱ्याला कळत न्हाई कागदात काय हाय. त्यानं इस्वास कुनावर ठिवायचा? आज बैल उठवला. उद्या बांध सरकवतील."

बुवांचा मुद्दा कादंबरीला लागू नव्हता, पण गावाला लागू होता. सखूचे तर त्यावर सारे अवलंबून होते. सहावीतून काढलेल्या मुलीला गावात पुढे करायला एकच गोष्ट उरत असे, आणि तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवले आहे असे मी ऐकले होते. मी एवढेच म्हणालो, "एक दिवस येऊन ऐका. मग तुम्ही म्हणाल तसे."

बुवा आले. दारातल्या घागरीवर त्यांनी हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसले. सखू त्यांच्या शेजारी बसली. टकळ्यांकडे बघत त्यांनी विचारले, "ऐकताना ह्ये चालतंय?"

"चालते, बुवा. शाळेचा नियमच आहे."

"बरं. त्या बैल उठवनाऱ्याला वाचू द्या."

गणपत पुढे आला. दौलत मिठाची गाडी घेऊन रात्रीच घाट चढायला निघतो, ते प्रकरण होते. चार वाक्ये झाली नाहीत तोच बुवांनी हात वर केला.

"थांब रं. ह्यो रातीचा का निघाला?"

गणपतने पुस्तकात पाहिले. तेथे कारण दिलेले नव्हते.

"उन्हात बैलं दमत्यात, म्हणून," एक मुलगी म्हणाली.

"एकच बैल हाय त्याच्याजवळ. दुसरा कुनाचा तरी मागून आनलाय," दुसरा म्हणाला. "दिवसा मालकाला तो लागत आसंल."

"हां," बुवा म्हणाले, "ह्ये पटलं. वाच फुडं."

यानंतर ते दर थोड्या वेळाने थांबवत राहिले आणि मुले उत्तरे देत राहिली. देवळात ते वाचणारे. प्रश्न काढणे आणि अर्थ सांगणे हे दुसऱ्याचे काम. येथे त्यांना विचारायला मोकळीक होती. तास संपत आला तेव्हा त्यांनी गणपतला जवळ बोलावले.

"बैल तूच उठवलास न्हवं?"

"व्हय, बुवा."

"कशानं? औशीद काय दिलंस?"

"औशीद न्हाई दिलं. नुसता उठवला."

"हितं चुकलास. लिवनाऱ्यानं मारला तर घटसर्पानं मारला. कारन दिलं. तू जगवलास त्यो बिनकारनाचा. म्हणून त्याचं खरं आन् तुझं खोटं."

"मंग औशीद दिलं आसतं तर?" गणपतने विचारले.

"तर तुझं निराळं पुस्तक झालं आसतं. ह्याच्यात न्हाई घुसडायचं."

मुले हसली. गणपतही हसला. बुवा मात्र उठताना माझ्याकडे वळले आणि त्यांनी अट घातली: "सखू यील. पर पुस्तक तिनंच वाचायचं. दुसऱ्यानं वाचलं आन् काय इकडंतिकडं झालं, तर ती घरी."

मी मान्य केले. सखू शाळेत राहणे मला पाळ्यांपेक्षा मोलाचे वाटले. तेव्हापासून रोज सखू वाचू लागली. तिचे वाचन निर्दोष होते. स्वल्पविरामापाशी किती थांबायचे आणि पूर्णविरामापाशी किती, हेही ती कधी चुकली नाही. बाकीचे सूत काढत ऐकत राहिले. कित्येकांना, विशेषतः गणपतला, पाळी गेल्याचे दुःख झाले नाही.

अशाच एका दुपारी तपासणी अधिकारी आले. ते थोडा वेळ दाराशी उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी मला बाहेर बोलावले.

"हा तास कशाचा, मास्तर?"

"सूतकताईचा, साहेब."

"मग ती मुलगी काय करते आहे?"

"सूतकताईला वाचून दाखवते."

ते हसले. पण लगेच म्हणाले, "वाचते ती एकटी. मग बाकीच्यांच्या नावावर तुम्ही वाचन कसे मांडता? हे वाचन आहे कोणाचे?"

"साहेब, श्रवण हे वाचनाचे पूर्वांग आहे," मी म्हणालो. प्रशिक्षणात शिकलो होतो.

"पूर्वांग दिसले मला. उत्तरांग कधी दिसेल?"

ते त्यांच्या मोटारीतून गेले. प्रश्न माझ्याकडे राहिला.

वार्षिक परीक्षेच्या थोडे आधी पुस्तक संपले. शेवटी घाटात मोटारी सुरू होतात, दौलतला धंदा उरत नाही आणि तरीही तो घाट सोडून जात नाही. वळणावर झोपडी बांधून राहतो. मी मुलांना विचारले, तो का जात नाही? खोलीत एकच गलका झाला. कोणी म्हणाले सर्ज्याची माती तिथे आहे. कोणी म्हणाले खाली गेला तर त्याला हमाली करावी लागेल, वर गेला तर शेत नाही. दोघे-तिघे तर दौलत मूर्ख आहे म्हणून भांडले. जो कधी तोंड उघडत नसे तोही बोलला. फक्त सखू गप्प होती. पुस्तक तिच्या मांडीवर मिटलेले होते.

मी तिला नावाने विचारले. तिने मान खाली घातली. ती लाजली असेल असे वाटून मी पुढे गेलो. शाळा सुटल्यावर ती थांबली आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, "गुरुजी, मला ठावं न्हाई."

"काय ठाऊक नाही?"

"त्यो का ऱ्हायला ते. काय झालं तेच नीट ठावं न्हाई."

"अगं, सगळे तूच तर वाचलेस."

"वाचलं. पर येक अक्षर चुकलं तर दादा घरी बसवतील, आसं मनात यायचं. मी अक्षरांकडं बघत व्हते. दौलतकडं कवा बघू?"

वडिलांना ती दादा म्हणे. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बेरीज का चुकली ते सांगावे तसे सांगितले. मी तिला घरी पाठवले आणि संध्याकाळी देवळाकडे गेलो. बुवा पारावर बसले होते. मी त्यांना जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. त्यांना राग येईल असा माझा अंदाज होता. त्यांनी सरकून मला पारावर जागा करून दिली.

"मला बी ठावं न्हाई," मग ते म्हणाले.

"काय, बुवा?"

"पोथीत काय हाय ते. येवढी वरसं वाचतोय. अर्थ सांगनारा सांगत आसतो, लोक माना डोलवत्यात, आन् मी तवा फुडची ओवी डोळ्यांनी बघून ठिवत आसतो. लोकांत अडखळू नये म्हणून." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कुनी इचारलं न्हाई कदी. म्या बी सांगितलं न्हाई."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"तिला ऐकू द्या," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाला वाचाया लावा."

"आणि त्याने चुकीचे वाचले तर?"

"सखूनं सगळं पुस्तक वाचलंय न्हवं? ती धरंल की त्याला."

परीक्षेपूर्वीचे थोडेच दिवस हाती होते. कादंबरीचा उत्तरार्ध आम्ही पुन्हा वाचायला घेतला, या वेळी पाळीपाळीने. मला भीती होती की इतके दिवस नुसते ऐकणारी ही मुले वाचताना अडखळतील. तसे झाले नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे अवघड शब्दही त्यांच्या तोंडी लवकर येई. डोळा अक्षर शोधत असे आणि कान त्याला मदत करत असे. गणपतनेसुद्धा पूर्वीपेक्षा बरे वाचले. एखादा शब्द आला नाही तर तो आता मनाने भर घालत नसे. तो सखूकडे बघे. ती शब्द सांगे आणि तो पुढे जाई.

सखू कित्येक दिवसांनी टकळी घेऊन रांगेत बसली होती. तिचे सूत सारखे तुटे. पहिल्या दिवशी मला वाटले, सराव मोडला आहे. मग लक्षात आले की दौलत बोलू लागला की तिचा हात थांबतो. त्या आठवड्यात तिच्या नावावर मोजून गुंडाळलेल्या सुताची एकही गुंडी जमा झाली नाही. मी तिला काही म्हटले नाही.

परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची सुटी लागली. शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी निवृत्तीबुवा सखूला घेऊन आले. तिला पुढच्या इयत्तेत बसवायला वडिलांनी सोबत येण्याची काही गरज नव्हती. एवढ्या मोठ्या मुलीला पोचवायला कोणी येतही नसे. ते दारात उभे राहिले.

"लगीन ठरत आलं व्हतं, गुरुजी," ते म्हणाले. "सोयऱ्यांस्नी म्हणलं, वरीसभर थांबा. ते इचारायला लागले, का? पोरगी तर वाचती, लिवती, आता आनि काय ऱ्हायलं?"

"मग तुम्ही काय सांगितलेत?"

"म्हणलं, वाचायचं झालं. ऐकायचं ऱ्हायलंय."

सखू त्याआधीच आत जाऊन सातवीच्या रांगेत बसली होती.

सखू सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि मग तिचे लग्न झाले. गणपतला मात्र मी सातवीपर्यंत धरून ठेवू शकलो नाही. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामे सुरू झाली होती. रोजंदारी मिळत होती, आणि तो तिकडे गेला. कादंबरीने मुले शाळेत टिकतात असा दावा मी करणार नाही. एक टिकली, एक गेला.

तर आता मूळ प्रश्नाचे उत्तर. माझ्या समजुतीप्रमाणे, मोठ्याने वाचले जाते तेव्हा ते वाचन ऐकणाऱ्यांचे असते. वाचणाऱ्याच्या वाट्याला ते तेव्हाच येते, जेव्हा त्याला चुकीचे भय नसते, किंवा नंतर कोणीतरी तेच त्याला वाचून दाखवते. म्हणून वर्गात एकच उत्तम वाचक निवडून त्याच्याकडूनच सारे वाचून घेऊ नये. त्यात सर्वांत मोठा तोटा त्या उत्तम वाचकाचा होतो, आणि तोटा झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण त्याचे वाचन निर्दोष असते.

परंतु हे एका खोलीतले, एका पुस्तकावरचे आणि थोड्याच मुलांवरचे निरीक्षण आहे. त्यावरून नियम करणे योग्य नाही. ज्या वाचकांच्या घरी वाचू लागलेले मूल आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी हे स्वतः तपासून पाहावे. मुलाला अपरिचित गोष्टीचे एक प्रकरण मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक चूक तेथल्या तेथे दुरुस्त करत जा. प्रकरण संपले की पुस्तक मिटून, काय घडले ते विचारा. दुसऱ्या दिवशी पुढचे प्रकरण तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा, आणि ती माझ्या म्हणण्याशी जुळली नाहीत तर माझे म्हणणे सोडून द्या.